घराभोवती लाकडी कुंपण: फळी नंतर, खांब आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवीन घराभोवती ६ फुटी लाकडी कुंपण करायचंय. रस्त्यावरून आतलं दिसू नये, घरातला मोठा कुत्रा बाहेर पडू नये आणि कुंपण दिसायलाही बरं असावं. दुकानदार म्हणतो ट्रीटेड पाइनची, म्हणजे कुजू नये म्हणून औषध दिलेल्या पाइन लाकडाची, तयार पॅनेल घ्या. सुतार म्हणतो सागाशिवाय काही बघूच नका. शेजारी म्हणतात लाकूड कुठलंही चालेल, वरून वार्निश चांगलं मारा. ऐकायचं कुणाचं?

थोडं थोडं खरं तिघांच्याही बोलण्यात आहे, शेजाऱ्यांच्या सगळ्यात कमी. पण तिघंही फळीबद्दल बोलताहेत, आणि कुंपण फळीमुळे पडत नाही. मी आजवर जी कुंपणं उतरवली त्यातल्या बहुतेकांच्या फळ्या अजून वापरण्याजोग्या होत्या. खांब मात्र जमिनीलगत कुजून मोडलेले. म्हणून माझ्या हिशेबात आधी खांब, मग फळ्या ज्यांवर ठोकतात त्या आडव्या पट्ट्या आणि शेवटी फळी. पैसेही याच क्रमाने खर्च करावेत. दुकानात गिऱ्हाईक नेमकं उलट्या क्रमाने विचार करतं, कारण नजरेसमोर फळीच असते.

खांब जमिनीलगतच का कुजतो? लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल, हवा आणि ऊब, तिन्ही एकदम लागतात. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी वाढत नाही, म्हणून जमिनीच्या वर, वाऱ्यात वाळणारा भाग बरीच वर्षं शाबूत राहतो. फार खोल, पाण्याने गच्च मातीत हवा कमी, त्यामुळे तिथेही कुजणं मंदावतं. मधली जी वीतभर जागा, जिथे माती संपते आणि हवा सुरू होते, तिथे ओल कायम आणि हवाही भरपूर. जुना खांब उपटला की हे स्पष्ट दिसतं: खालचं टोक बऱ्यापैकी टणक, वरचा भाग टणक, आणि मध्ये कमरेत बारीक झालेला, बोटाने भुगा पडेल असा पट्टा. वाळवीही बहुतेक वेळा इथूनच आत शिरते. याचा अर्थ लाकूड निवडताना प्रश्न ‘हे लाकूड चांगलं की वाईट’ हा नसून ‘हे लाकूड त्या वीतभर जागेत किती वर्षं काढेल’ हा आहे.

आता सागाचं बघू. साग जमिनीत टिकतो हे खरंच आहे, पण टिकतो तो गाभ्याचा साग. कुठल्याही झाडाचं सालीलगतचं पांढरट लाकूड टिकाऊ नसतं. सागाचंही नाही, ओकचंही नाही. गाभ्यात झाडाने स्वतःच साठवलेली तेलं, रसायनं असतात, ती बुरशीला आणि किड्यांना नकोशी असतात. कडेच्या लाकडात ती जवळपास नसतातच. कमी वयात तोडलेल्या बारीक सागात गाभा कमी आणि पांढरा भाग जास्त. तशा सागाचे चार इंची खांब विकत घेतले तर नाव सागाचं आणि काम पांढऱ्या लाकडाचं. वखारीत खांबाचं कापलेलं टोक जरा ओलं करून बघा. गडद गाभा आणि फिकी कड यांच्यातली रेघ लगेच उठून दिसते. चारही कोपरे फिके असतील तर तो खांब जमिनीत जाणार नाही असं स्वतःलाच सांगा, सुतार काहीही म्हणो.

लाकडाचा टिकाऊपणा मोजायची जुनी पद्धत अगदी साधी आहे: दोन इंची चौकोनी खुंट जमिनीत पुरायचे आणि किती वर्षांत कुजतात ते बघायचं. अशा चाचण्यांवरून युरोपात पाच वर्ग ठरलेत. पहिल्या वर्गातला खुंट २५ वर्षांहून जास्त, दुसऱ्यातला १५ ते २५, तिसऱ्यातला १० ते १५, चौथ्यातला ५ ते १० आणि पाचव्यातला ५ वर्षांहून कमी टिकतो. चांगला साग पहिल्या वर्गात, ओक दुसऱ्यात, ब्लॅक लोकस्ट हे कठीण लाकूड या दोघांच्या दरम्यान. पाइन तिसऱ्या-चौथ्यात, स्प्रूस चौथ्यात आणि बीच थेट पाचव्यात. वर्ष मोजताना एक भान ठेवायचं: हे आकडे थंड हवामानातले आहेत. उष्ण, दमट, वाळवी असलेल्या जागी त्यातून बरंच वजा करावं लागतं. खांब खुंटापेक्षा जाड असतो, त्यामुळे थोडं परतही मिळतं. पण आपसातला क्रम बहुधा तोच राहतो. साल वृक्षाचा गाभाही जमिनीत चांगला टिकतो. मात्र तो इतका कठीण की आधी भोक पाडल्याशिवाय खिळा जात नाही, जातो तो वाकून.

दुकानदाराच्या ट्रीटेड पाइनबद्दल मला अजिबात आकस नाही. नीट प्रक्रिया केलेलं पाइन जमिनीत बऱ्याच ‘भारी’ लाकडांना मागे टाकतं. अडचण ‘नीट’ या शब्दात आहे. दाबाखाली औषध आत घालणं वेगळं आणि औषधाच्या टाकीत बुचकळून काढणं वेगळं. दोन्हींचा रंग हिरवटच दिसतो. परीक्षा सोपी आहे: विकणाऱ्याला एक खांब मध्यातून, म्हणजे टोकापासून चांगलं दूर, कापायला सांगा. टोकाजवळ कापू नका, कारण टोकातून औषध लांबवर आत शिरतं आणि तिथला छेद फसवा असतो. हिरवट-तपकिरी रंग कडेपासून बोटभर आत गेलेला दिसला तर माल बरा. नुसती पापुद्र्याएवढी रेघ असेल तर तो खांब रंगवलेला आहे, प्रक्रिया केलेला नाही.

इथे एक गंमत आहे, आणि ती वखारीतल्या लोकांनाही सगळ्यांना ठाऊक नसते. बिनप्रक्रियेचं लाकूड घेताना आपण गाभा शोधतो. ट्रीटेड पाइन घेताना उलटं. पाइनचं कडेचं लाकूड औषध पिऊन घेतं, गाभा घेत नाही. चौकोनी कापलेल्या खांबात एखादी पूर्ण बाजू गाभ्याची आली तर त्या बाजूला संरक्षण जवळपास शून्य. गोल खांबाला मात्र चहूबाजूंनी कडेच्या लाकडाचं कडं असतं आणि ते कडं औषधाने भरलेलं असतं. म्हणून दिसायला ओबडधोबड वाटला तरी जमिनीत गोल ट्रीटेड खांब चौकोनीपेक्षा सरस. ज्यांना चौकोनीच हवा त्यांनी किमान वर्ग बघून घ्यावा: जमिनीवरच्या वापरासाठी तिसरा वर्ग आणि जमिनीत पुरण्यासाठी चौथा. हे वापराचे वर्ग आहेत, वरच्या टिकाऊपणाच्या वर्गांशी त्यांची गल्लत करू नका. तिथे मोठा आकडा वाईट, इथे मोठा आकडा म्हणजे जास्त औषध. पॅनेलच्या फळ्या आणि खांब एकाच गाडीतून आले म्हणजे दोन्ही एकाच वर्गाचे असतात असं मुळीच नाही.

औषधांविषयीही थोडं. तांबं, क्रोम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण, म्हणजे सीसीए, हे १९३३ साली सोंटी कामेसन या भारतीय संशोधकाने शोधलं आणि पुढे जगभर विजेचे खांब, रेल्वे स्लीपर, कुंपणं त्यावर उभी राहिली. आर्सेनिकच्या भीतीमुळे अमेरिकेतल्या उत्पादकांनी घरगुती वापरासाठी ते २००३ च्या अखेरीस थांबवलं. हल्ली घरांसाठी तांब्यावर आधारलेली, आर्सेनिक नसलेली मिश्रणं जास्त चालतात. त्यांचा एक स्वभाव लक्षात ठेवायचा: त्यातलं जास्तीचं तांबं साध्या लोखंडी खिळ्यांना खातं. म्हणून खिळे, स्क्रू, बिजागऱ्या गरम जस्तात बुडवून काढलेल्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या. चकाकत्या पातळ मुलाम्याचे स्क्रू पहिल्या वर्षी सुरेख दिसतात आणि नंतर डोकं हातात येतं. कापलेले तुकडे, भुसा कधीही जाळू नका, शेकोटीतही नाही आणि चुलीतही नाही; जुन्या सीसीए लाकडाच्या राखेत आर्सेनिक उतरतं. साइटवर खांब कापावा लागला तर कापलेलं टोक वर ठेवायचं, कारखान्यातून आलेलं टोक जमिनीत, आणि कापलेल्या टोकावर औषधाचे दोन हात.

खांबाच्या बुडाला डांबर फासायची किंवा बूड जाळून काळं करायची रीत खूप जुनी आहे. जाळल्याने जो कोळशाचा थर होतो तो पातळ आणि तडकलेला असतो. ओल त्या तड्यांतून आत जाते. डांबराचं थोडं वेगळं आहे. कोरड्या लाकडावर लावलं तर काही अंशी उपयोग होतो, पण ओल्या लाकडावर लावलं तर आतली ओल आतच कोंडते. बाजारात मिळणारा खांब बहुतेक वेळा ओलाच असतो. शिवाय कुजणं बुडाशी नव्हे, जमिनीलगत होतं. डांबर मात्र लोक बुडालाच लावतात.

आता खोली. नियम साधा: खांबाच्या एकूण लांबीचा एक तृतीयांश जमिनीत. ६ फूट कुंपणाला ९ फुटी खांब, ३ फूट खाली. जमीन घट्ट असेल तर अडीच फुटांवर भागतं, सैल किंवा भरावाची असेल तर नाही. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते तिथे गोठण्याच्या पातळीच्या खाली जावंच लागतं, नाहीतर गोठलेली माती खांब वर ढकलते. खड्ड्याची रुंदी खांबाच्या साधारण तिप्पट. तळाला पाच-सहा इंच खडी, खांब खडीवर टेकलेला, आणि त्याच्याभोवती काँक्रीट. खांबाच्या बुडाखाली काँक्रीट घालायचं नाही. ते घातलं की काँक्रीटचा पेला तयार होतो: लाकूड वाळून आकसतं, भोवती केसाएवढी फट पडते, तिच्यातून पावसाचं पाणी उतरतं आणि पेल्यात साचतं. खाली खडी मोकळी असली तर ते निघून जातं. काँक्रीटचा माथा जमिनीच्या थोडा वर आणि खांबापासून बाहेरच्या बाजूला उतरता. दरवर्षी या माथ्यावर माती, पालापाचोळा चढतो. तो खरवडून काढणं हीच कुंपणाची सगळ्यात मोलाची देखभाल. तेल-रंगाचा नंबर नंतर.

खांब मागवण्याआधी एकच खड्डा खणून त्यात बादलीभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशी पाणी तसंच असेल तर त्या जमिनीत लाकडी खांब पुरू नका, मग तो कुठल्याही वर्गाचा असो. तिथे काँक्रीटचा किंवा जस्त चढवलेला लोखंडी खांब उभा करा आणि त्याला लाकडी पट्ट्या, फळ्या लावा. किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यात लोखंडी खोबण बसवून लाकडी खांब जमिनीपासून वर धरा. यातला दुसरा पर्याय ६ फुटी बंद कुंपणाला मी सहसा देत नाही, कारण वाऱ्याचा सगळा जोर त्या खोबणीच्या तळाशी येतो. त्यापेक्षा पहिला बरा. ‘लाकडी कुंपणाला लोखंडी खांब कसे दिसतील’ ही शंका सगळे काढतात. खांबाला बाहेरून फळी लावली की कुणाच्या लक्षातही येत नाही.

वाऱ्याबद्दल लोक फार बेफिकीर असतात, म्हणून जरा आकडेच मांडतो. ६ फूट उंच आणि ८ फूट रुंद, पूर्ण बंद पॅनेल घ्या. ताशी ७२ किमी वारा म्हणजे काही चक्रीवादळ नव्हे, जोराच्या वळिवातही इतका झोत येतो. तेवढ्यात त्या एका पॅनेलवर सुमारे सव्वाशे किलोचा रेटा बसतो. वेग ताशी १०० किमी झाला की रेटा जवळपास दुप्पट, कारण तो वेगाच्या वर्गाने (वेग गुणिले वेग) वाढतो. उंचीचंही तसंच: ४ फुटांचं कुंपण ६ फूट केलं तर खांबाच्या बुडाशी पडणारा ताण दीडपट नव्हे, सव्वादोन पट होतो. वारा झेलणारं क्षेत्र वाढतं आणि तो रेटा जास्त उंचीवर लागतो, दोन्ही एकदम. याला उत्तर खांबाच्या जाडीत आहे. ४ इंची चौकोनी खांबाऐवजी ५ इंची घेतला तर वाकण्याविरुद्धची ताकद जवळपास दुप्पट होते. खर्च काही दुप्पट होत नाही. दोन खांबांतलं अंतर ८ फुटांऐवजी ६ करणं हा दुसरा उपाय. उघड्यावरच्या, वाऱ्याच्या तोंडावरच्या बाजूला मी दोन्ही करतो.

तिसरा उपाय म्हणजे कुंपण पूर्ण बंद न ठेवणं. खांबांच्या आडव्या पट्ट्यांना एक फळी आतून, पुढची बाहेरून, अशा आळीपाळीने फळ्या लावायच्या आणि त्या कडेला इंचभर एकमेकींवर याव्यात असं अंतर ठेवायचं. समोरून बघितलं तर आरपार काही दिसत नाही, तिरकं बघितलं तरच थोडं दिसतं, आणि वारा फळ्यांच्या मधून वाट काढतो. दोन्ही बाजूंनी कुंपण सारखंच दिसतं, त्यामुळे ‘चांगली बाजू कुणाकडे’ हा शेजाऱ्यांशी होणारा वादही मिटतो. बागेसाठीही हे बरं: पूर्ण बंद भिंतीवरून वारा उसळी मारतो आणि पलीकडे भोवरे करत खाली येतो, झिरपणारं कुंपण मात्र त्याला नुसतं मंद करतं. तुमच्या गरजेला मी हाच प्रकार सुचवेन. फळ्या जास्त लागतात, हे आधीच सांगून ठेवतो.

रस्त्याचा आवाज अडवायचा असता तर सल्ला उलटा झाला असता. आवाजाला एक फटही चालत नाही. फळी किमान पाऊण इंच जाड, सांधे एकावर एक चढलेले, खाली जमिनीपर्यंत बंद, आणि कुंपण इतकं उंच की गाडीपासून कानापर्यंतची सरळ रेघ तुटेल. इतकं करून ५ डेसिबलच्या आसपास फरक पडतो. जाणवतो, पण शांतता होत नाही. लोकांची अपेक्षा मोठी असते म्हणून हे सांगितलं.

बाकीच्या प्रकारांवर थोडक्यात. पुढच्या बाजूला टोकदार पट्ट्यांचं ३-४ फुटी कुंपण छान दिसतं, त्याला आडोशाचं काम सांगू नये. जाळीदार पट्ट्या वेल चढवायला. कुत्र्यासमोर त्या टिकत नाहीत. आडव्या फळ्यांचं कुंपण सध्या फार मागितलं जातं. मला ते आवडतं, पण त्याच्या तीन अडचणी आधी ऐका: प्रत्येक फळीच्या वरच्या कडेवर पाणी थांबतं, लांब फळी मध्ये झोळते म्हणून खांब जवळ जवळ घ्यावे लागतात, आणि लहान मुलांना ती आयती शिडी मिळते. पोहण्याचा तलाव किंवा विहीर असलेल्या घरी आडव्या फळ्या नकोतच. तिथे उभ्याच पट्ट्या, आणि दोन पट्ट्यांत ४ इंचांपेक्षा कमी फट.

फळ्या निवडायला वखारीत स्वतः जा. गठ्ठ्यातली वरची फळी बघून पसंती देऊ नका. मधली एक ओढून काढायला सांगा. एक डोळा मिटून फळीच्या कडेवरून लांबवर नजर टाका, वाक आणि पीळ तिथेच कळतो. थोडा वाक खिळ्यांनी सरळ होतो, पीळ होत नाही, त्यामुळे पिळलेली फळी परत. मग टोकाकडचा छेद बघा. वाढीची वलयं फळीच्या रुंदीला जवळपास आडवी, कमानीसारखी दिसत असतील तर ती फळी वाळताना पन्हळीसारखी वळणार. वलयं उभी असतील तर शांत राहणार. सगळ्या फळ्या उभ्या वलयांच्या मिळत नाहीत, मिळाल्या तर महाग. खांबात मात्र झाडाचा अगदी मधला बिंदू, वलयांचं केंद्र, आलेलं नसेल तर उत्तम. तो आला की उन्हात लांबलचक तडा ठरलेला. गाठी असायला हरकत नाही. गाठीभोवती काळं कडं असेल आणि अंगठ्याने दाबल्यावर ती हलत असेल तर ती गाठ पुढेमागे गळणार आणि तिथे भोक राहणार. शेवटी वजन. एकाच जातीच्या, एकाच मापाच्या दोन फळ्यांत एक चांगलीच जड लागली तर ती ओली आहे.

ओली की सुकी, यावर फळ्यांमधली फट ठरते आणि इथेच भलीभली कुंपणं बिघडतात. लाकूड लांबीला जवळपास आकसत नाही, रुंदीला आकसतं. ६ इंची ओली पाइन फळी वाळल्यावर पाच-सहा मिमी अरुंद होते. अशा फळ्या चिकटवून ठोकल्या तर काही महिन्यांत प्रत्येक सांध्यात पेन्सिल जाईल एवढी फट, आणि आडोसा संपला. उलट, उन्हाळ्यात कोरड्या फळ्या चिकटवून ठोकल्या तर पावसात त्या फुगतात, एकमेकींना रेटतात आणि मधली फळी खिळ्यासकट बाहेर उचकटते. म्हणून ओल्या फळ्या चिकटवूनच लावा, फट आपोआप पडेल. कोरड्या असतील तर तीन-चार मिमी सोडा, एक जाड खिळा मध्ये धरून अंतर राखता येतं. आळीपाळीच्या प्रकारात ही डोकेदुखी नाही, कारण इंचभर चढ आधीच ठेवलेला असतो. तो प्रकार सुचवण्यामागे हेही एक कारण.

६ फूट उंचीला आडव्या पट्ट्या तीन घ्या, दोन नाही. दोनमध्ये फळीचा मधला भाग मोकळा राहतो आणि वळतो. साध्या गुळगुळीत खिळ्यांपेक्षा अंगावर कड्यांसारखे उंचवटे असलेले खिळे किंवा स्क्रू बरे, कारण लाकूड फुगत-आकसत असताना गुळगुळीत खिळा हळूहळू वर येतो. फळीचं खालचं टोक जमिनीपासून दोन इंच वर. तुमच्या कुत्र्याला ही फट म्हणजे उकरायचं आमंत्रण, हे खरं. म्हणून खाली एक आडवी, जाड, जमिनीत पुरण्याच्या वर्गाची ट्रीटेड फळी लावा. ती मातीला टेकेल, कुजली तर तेवढी एकच बदलायची. उभ्या फळ्या सुरक्षित. उकरणारा कुत्रा असेल तर त्या फळीच्या आतल्या बाजूला जमिनीत फूटभर जाळी पुरा. कुंपणाचा शेवटचा खांब घराच्या भिंतीला ठोकू नका. वाळवीला तो थेट रस्ता होतो. बोटभर मोकळी फट ठेवा, म्हणजे मातीचे पाट चढलेले दिसतील तरी.

आता शेजाऱ्यांचं वार्निश. पारदर्शक वार्निश उन्हासाठी काचेसारखं असतं. अतिनील किरण आरपार जातात, खालचा लाकडाचा पृष्ठभाग सुटतो आणि वरचा थर पापुद्र्यांनी निघू लागतो. मग सगळं घासून काढल्याशिवाय नवा हात देता येत नाही. कुंपणाला आत मुरणारं, थोडा रंग असलेलं तेल द्यावं. त्यातला रंगच ऊन अडवतो. ते निघतं तेव्हा फिकं होत निघतं, सोलपटत नाही. दोन-तीन वर्षांनी झाडून-पुसून पुन्हा एक हात. ट्रीटेड लाकूड ओलं असताना तेल मुरत नाही. फळीवर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब तसेच उभे राहिले तर थांबा, मुरले तर लावायला घ्या. आणि काहीच लावलं नाही तर? फळी करडी पडते. बरेच जण घाबरतात, पण करडेपणा म्हणजे कुजणं नव्हे. उन्हापावसात मऊ लाकडाचा पृष्ठभाग शंभर वर्षांत सुमारे ६ मिमी झिजतो, म्हणजे तुमच्या हयातीत काळजी करावी असं त्यात काही नाही. करडा रंग आवडत असेल तर फळ्यांना तेल न लावता वाचलेले पैसे जाड खांबात घाला. फक्त खांबाचा माथा उतरता कापा किंवा त्यावर टोपी बसवा. कापलेलं टोक बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने पाणी ओढतं.

हद्दीबद्दल एकच: मोजणी करून घेतल्याशिवाय पहिला खड्डा खणू नका. कुंपण, त्याच्या पायासकट, आपल्या हद्दीच्या थोडं आत. उंचीवर स्थानिक नियम असतात, पुढच्या बाजूला आणि कोपऱ्यावर ते बहुधा कडक असतात. जमिनीखालच्या वायर आणि पाइप कुठून गेलेत ते आधी विचारा.

फाटक हा वेगळा विषय वाटतो, पण तक्रारी सर्वांत जास्त त्याच्याच. फाटकाचे दोन खांब बाकीच्यांपेक्षा एक माप जाड आणि अर्धा फूट जास्त खोल. चार फुटांपेक्षा रुंद फाटक एका झडपेचं करू नका. फाटकाच्या मागचा तिरका दांडा बिजागरीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यातून निघून कडीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात जायला हवा, म्हणजे फाटकाचं वजन त्याला दाबतं आणि लाकूड दाब उत्तम सोसतं. उलटा लावला तर त्याला ताण बसतो, स्क्रू सुटतात आणि वर्षभरात कडी घासायला लागते. तारेचा ताण लावत असाल तर मात्र नेमका उलट कोपरा, कारण तार ताणच सोसते. तुमच्याकडचं फाटक आधीच लोंबत असेल तर आधी हेच बघा. बऱ्याचदा दांडा उलट्या दिशेचा निघतो.

तयार पॅनेल की जागेवर बांधणं? सपाट जागा आणि घाई असेल तर पॅनेल चालतं, पण त्यातल्या फळ्या बारीक पिनांनी ठोकलेल्या असतात आणि एक फळी बदलायला पूर्ण पॅनेल उतरवावं लागतं. जागा उताराची असेल तर पॅनेल पायऱ्यापायऱ्यांनी बसतात आणि प्रत्येक पायरीखाली त्रिकोणी भोक राहतं. कुत्रा असलेल्या घरी ते नकोच. तुमच्यासाठी माझा हिशेब असा: खांब गोल ट्रीटेड किंवा ५ इंची, जमिनीत पुरण्याच्या वर्गाचे, पट्ट्या आणि फळ्या जमिनीवरच्या वर्गाच्या ट्रीटेड पाइनच्या, जागेवर आळीपाळीने ठोकलेल्या, आणि साग घ्यायची हौस असेलच तर तो फाटकाला, जिथे रोज हात लागतो. कोटेशनमध्ये ‘लाकडी कुंपण, ६ फूट’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते परत करा आणि खांबाची जाडी, पूर्ण लांबी, वर्ग आणि खड्ड्याची खोली लिहून मागा. या चार गोष्टी काम झाल्यावर दिसत नाहीत.

उभं राहिल्यावर वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, स्क्रू ड्रायव्हर घेऊन एक फेरी मारा आणि प्रत्येक खांबाला जमिनीच्या किंचित खाली टोचून बघा. टणक लागला तर पुढे चला. टोक सहज अर्धा इंच आत गेलं तर तो खांब पुढच्या एखाद्या वादळापुरताच. तेव्हा पूर्ण कुंपण उतरवायची गरज नसते: खांबाशेजारी काँक्रीटचा किंवा लोखंडी आखूड खुंट पुरायचा, चांगल्या भागाला दोन बोल्टने जोडायचा आणि खालचा कुजका भाग कापून टाकायचा. फळ्यांना हातही लावावा लागत नाही.